खुली जवारी, बंद कान : धायरी आणि पुणे परिसरातील श्रवणरुचीचा इतिहास

पुणे शहराच्या नैऋत्येला सिंहगड रस्त्यालगत वसलेल्या धायरीचा काही भाग आधीपासूनच महानगरपालिकेत होता आणि उरलेला भाग २०१७ मध्ये, अकरा गावांचा समावेश झाला तेव्हा, शहराच्या हद्दीत आला. धारेश्वराच्या देवळामुळे ओळखले जाणारे जुने गाव, नऱ्ह्याच्या बाजूला पसरलेले लघुउद्योगांचे गाळे आणि डोंगरउतारावर उभ्या राहिलेल्या मोठ्या वसाहती येथे एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे भजन, ढोल-ताशा, लावणी, हिंदी चित्रपटगीत आणि नाट्यसंगीत यांचे श्रोते एकाच रस्त्यावरून, बहुधा एकाच बसमधून, ये-जा करतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या कानात दोन-चारशे ते हजार-दीड हजार रुपयांचा इयरफोन असतो. मात्र जो इयरफोन एकाला ‘दमदार’ वाटतो तोच दुसऱ्याला ‘घुमणारा’ वाटतो, आणि ज्याचा आवाज एकाला ‘स्वच्छ’ वाटतो तो तिसऱ्याच्या लेखी ‘चिरका’ ठरतो. हा मतभेद व्यक्तिगत लहरीचा आहे असे समजण्याचा प्रघात असला, तरी त्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त साधनानेच चांगला आवाज कोणता हे ठरवले आहे.

साधनांच्या आधी रंगभूमी होती. ध्वनिक्षेपक नसलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवायचा तर गळा उंच पट्टीत लावावा लागे, आणि संगीत नाटकांच्या प्रेक्षकांचा कान अशा टोकदार, भरारी घेणाऱ्या आवाजावर तयार झाला. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली तेव्हाही नटाला विजेची मदत नव्हती. साथीला ऑर्गनचा भरणा असला तरी पदाचा सगळा भार गळ्यावरच होता. आजच्या भाषेत सांगायचे तर मध्यम आणि उच्च वारंवारतेचा आवाज, म्हणजे दर सेकंदाला साधारण पाचशे ते चार हजार कंपने होणारा भाग, त्या काळी श्रवणाचा मुख्य विषय होता. खालचा भाग, ज्याला गायक खर्ज म्हणतात आणि दुकानदार बेस म्हणतात, तो मैफलीत आणि देवळातल्या पखवाजात मिळे.

मैफलीकडे वळल्यावर रुचिभेदाची एक जुनी आणि अत्यंत नेमकी परिभाषा सापडते. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी आहेत, आणि त्यांच्या कौशल्याचा कस जवारी काढण्यात लागतो. जवारी म्हणजे तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिच्या माथ्याला दिलेला अतिशय सौम्य उतार. तार छेडली की ती या उताराला किंचित घासत कंप पावते आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या वरच्या स्वरांची, म्हणजे स्वयंभू स्वरांची किंवा उपस्वरांची, झुळझुळती रांग उभी राहते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला बारीक दोरा पुढे-मागे करून कारागीर हा परिणाम हवा तिथे आणून ठेवतो. जवारी खुली असेल तर आवाज झळाळता आणि धारदार येतो, बंद असेल तर तो गोल आणि संयत येतो, आणि कोणती चांगली याबद्दल गायकांमध्ये कधीच एकमत झाले नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवून दिले, की तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे निष्कंप असणारे उपस्वर नेहमीच्या नियमानुसार उमटू नयेत, पण तंबोऱ्यात तेही ऐकू येतात. मराठी श्रोत्याला ‘ध्वनीचा पोत’ ही कल्पना परदेशी हेडफोनच्या जाहिरातींतून कळली असे मानणाऱ्यांनी मिरजेच्या एखाद्या कारखान्यात तासभर बसावे.

या श्रीमंत पोताची पहिली काटछाट ग्रामोफोनने केली. १९२५ पर्यंतच्या मुद्रणात विजेचा वापर नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून मोठ्याने गाई, आणि त्या आवाजाच्या रेट्याने सुई मेणावर खाच पाडी. या पद्धतीत खर्ज जवळपास नाहीसा होई, डग्ग्याचा घुमारा कळतही नसे, आणि एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत. तरीही याच तबकड्यांनी नाट्यपदे घराघरांत नेली, आणि ती ऐकत वाढलेल्यांना पातळ, किंचित नाकातून आल्यासारखा आवाज हाच खरा गाण्याचा आवाज वाटू लागला. विजेवर चालणारा मायक्रोफोन आल्यावर चित्र उलटले. हळू गायलेला शब्दही आता स्पष्ट मुद्रित होऊ शकत होता, आणि १९३० नंतर भावगीत रुजले ते या सोयीमुळे. गजाननराव वाटव्यांसारख्या गायकांची जवळीक साधणारी शैली कर्ण्याच्या काळात उभीच राहिली नसती. उंच पट्टीच्या रसिकांनी या नव्या गायनाला ‘पुटपुटणे’ म्हटले असेल तर त्यात नवल नाही, कारण त्यांचा कान दुसऱ्या साधनावर घडलेला होता.

हेडफोनचा प्रवेश मात्र गाण्यासाठी झाला नाही. अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० च्या सुमारास घरी बनवलेले कर्णध्वनिक त्या देशाच्या नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. भारतात २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्याला परवडणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे क्रिस्टल संच होता : गॅलिना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्याला टेकवलेली बारीक तार, एक वेटोळे आणि हेडफोन. त्याला वीज लागत नसे, कारण हवेतून येणारी क्षीण ऊर्जाच थेट हेडफोनमधला पडदा हलवी. म्हणून त्या हेडफोनचा विद्युतरोध हजारो ओहम ठेवावा लागे, तर आजच्या साध्या इयरफोनचा रोध सोळा ते बत्तीस ओहमच्या आसपास असतो. परंतु मुंबईच्या दीड किलोवॅट प्रक्षेपकाची क्रिस्टल संचासाठीची पोच साधारण तीस मैलांची होती, आणि पुणे त्याच्या कितीतरी पलीकडे. स्वस्त हेडफोनच्या पहिल्या लाटेपासून हा परिसर केवळ भूगोलामुळे वंचित राहिला.

त्यामुळे येथे रेडिओ आला तो मोठ्याने आणि सर्वांसाठी. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५५-५६ मध्ये तेथून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे प्रसारित झाले, आणि १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने याच केंद्रावरून पुण्यासह पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. त्यात गावकरी एका संचाभोवती जमून कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करत. मध्यम लहरींवर सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी येत नाही (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक कंपन), आणि लाकडी पेटीतला स्पीकर खालच्या सुरांना थोडी ऊब देतो. ‘रेडिओचा गोड आवाज’ ही जी स्मृती आजही जुन्या पिढीत आढळते ती या दोन तांत्रिक मर्यादांच्या बेरजेची आहे. त्याच पिढीला नव्या इयरफोनमधली झांज असह्य वाटते, यात त्यांच्या वयाइतकाच या पेटीचाही हात असावा.

खासगी श्रवणाची सुरुवात ट्रान्झिस्टरबरोबर मिळणाऱ्या एका कानाच्या बटनाने झाली. त्यातून गाण्याची मजा फारशी येत नसे, पण कचेरीत बसून क्रिकेटचे समालोचन ऐकण्यास ते पुरेसे होते. जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला, आणि स्पंजच्या गाद्या असलेला हलका हेडफोन दोन्ही कानांत वेगवेगळा ध्वनी, म्हणजे स्टिरिओ, देऊ लागला. महाराष्ट्रात याचा खरा प्रसार १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींनी केला. कॅसेट छापणे सोपे असल्याने मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले संगीत बाजारात आले : एकीकडे प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि लोकगीते, तर दुसरीकडे पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या संस्थेने काढलेल्या शास्त्रीय गायनाच्या ध्वनिफिती. फितीची खरखर लपवण्यासाठी ट्रेबल कमी करायचा आणि भरणा वाटावा म्हणून बेस वाढवायचा, ही सवय या काळात हाताला लागली आणि ती फीत गेल्यावरही गेली नाही.

यानंतरचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यातली एकच बाब येथे नोंदवण्याजोगी आहे. एफएम असलेल्या साध्या मोबाइल फोनमध्ये इयरफोनची तारच अँटेना म्हणून काम करी, त्यामुळे ज्याला रेडिओ ऐकायचा त्याला इयरफोन खोचावाच लागे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक मालाबरोबर इयरफोनचेही ढीग दिसू लागले त्यामागे ही सक्तीही होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, गाणी साठवून ठेवण्याची गरज संपली, आणि थोड्याच काळात ब्लूटूथच्या बिनतारी जोड्या तारेच्या किमतीला मिळू लागल्या.

आज धायरीत पहिल्यांदाच हेडफोन घेणाऱ्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तो म्हणूनच निव्वळ किमतीचा नाही. कानाच्या नळीत बसणाऱ्या इयरफोनमध्ये बेस हा प्रामुख्याने बंदिस्तपणावर अवलंबून असतो. रबरी टोपी सैल बसली तर हवा निसटते आणि खर्ज नाहीसा होतो, म्हणून खोक्यातल्या तिन्ही मापांच्या टोप्या लावून पाहण्याआधी कोणत्याही संचाला ‘पातळ’ ठरवणे अन्यायाचे आहे. दुसरी अडचण स्वतः कानाची आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले की आवाज लहान असताना माणसाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात; त्यामुळे दोन संचांची तुलना करताना एक जरासा मोठा वाजत असेल तर तोच सरस वाटतो. तिसरी अडचण रस्त्याची. सिंहगड रस्त्यावरच्या बसमध्ये इंजिनाची घरघर नेमका बेसचा पट्टा झाकून टाकते, त्यामुळे तेथे समतोल इयरफोन कोरडा वाटतो आणि भरपूर बेसचा योग्य वाटतो. तोच संच रात्री घरी लावला की घुमू लागतो. रुचिभेद म्हणून जे सांगितले जाते त्यातला बराच भाग असा जागाभेद असतो. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे.

पारख करायची तर ढोलाच्या ध्वनिमुद्रणापेक्षा तंबोरा अधिक उपयोगी पडतो. कानाच्या नळीची स्वतःची अनुनादाची जागा तीन हजार हर्ट्झच्या आसपास आहे. अनेक स्वस्त इयरफोन याच प्रदेशात किंवा त्याच्या थोडे वर गरजेपेक्षा जास्त उसळतात, आणि जवारीच्या उपस्वरांचा मोठा भागही तेथेच असतो. संच तेथे चढा असेल तर गोल जवारीचा तंबोराही खुला आणि कर्कश भासतो, दबलेला असेल तर खुली जवारी मुकी होते. हर्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ नंतर केलेल्या चाचण्यांत सुमारे दोन तृतीयांश श्रोत्यांनी चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज पसंत केला आणि उरलेल्यांपैकी काहींना अधिक, काहींना कमी बेस हवा होता. वय आणि श्रवणाचा सराव यांनुसार ही मागणी बदलत असल्याचेही त्यांना आढळले. स्वस्त संच बनवणारे कारखाने आता अशा चाचण्यांतून निघालेल्या आलेखांच्या आधारे आवाज बसवतात, आणि न जमले तर फोनमधल्या इक्वलायझरने, म्हणजे निरनिराळे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, तो दुरुस्त करता येतो.

तारेच्या इयरफोनची तार पिनेजवळ तुटली तर डाख देऊन ती जोडता येई, आणि त्यामुळे एखादा संच वर्षानुवर्षे एकाच कानाच्या सोबतीला राही. बिनतारी जोडीतली हरभऱ्याएवढी बॅटरी काही वर्षांत उतरते, कवच चिकटवलेले असल्याने ती बदलणे सहसा परवडत नाही, आणि नवी जोडी वेगळ्या आवाजाची येते. एका आवाजाला सरावलेल्या श्रोत्याला मग पुन्हा दुसऱ्या आवाजावर कान बसवावा लागतो.