परवानगीपत्र ते जोखीम आराखडा : हरसूल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना :
क्षेत्रभेट, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर व गडभ्रमंती ही महाविद्यालयीन शिक्षणाची जुनी अंगे होत. त्यांतील जोखमीचा लेखी आराखडा मात्र अलीकडचा असून तो बहुधा दुर्घटनांनंतरच अस्तित्वात आला. प्रस्तुत लेखात या क्रमाचा व हरसूलसारख्या डोंगराळ भागातील महाविद्यालयांना त्यातून मिळणाऱ्या बोधाचा विचार केला आहे.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमधील लाइम उपसागरात कयाक सहलीवरील चार शालेय विद्यार्थी मृत्युमुखी पडले. गट वेळेत परतला नाही, तरी तटरक्षकांना कळविण्यास कित्येक तास विलंब झाला. विशेष म्हणजे त्या केंद्रातील त्रुटींविषयी दोन माजी प्रशिक्षकांनी आधीच लेखी इशारा दिला होता. पुढे केंद्राच्या संचालकास तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये साहसी उपक्रम केंद्रांसाठी परवाना कायदा आला.

भारतात ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणाचे पाणी सोडले गेल्याने बियास नदीत हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. या प्रकरणी उच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचा ३० टक्के भार महाविद्यालयावर टाकला. पालकांच्या सहीचे हमीपत्र फाइलला लावले की संस्थेची जबाबदारी संपते, ही सर्वत्र रूढ समजूत त्यामुळे टिकत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. महाराष्ट्रात २०१४ व २०१८ चे शासन निर्णय आणि २०२१ चे साहसी पर्यटन धोरण आले. धोरणाचा भर आयोजकांच्या नोंदणीवर आहे. प्राध्यापकांनी स्वतः काढलेली वनस्पतिशास्त्राची क्षेत्रभेट त्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

हरसूलचा प्रश्न नेमका येथे आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या पश्चिम भागात पाऊस प्रचंड पडतो. सकाळी पायी ओलांडलेला ओढा दुपारी उतार देत नाही. त्याच तालुक्यातील हरिहर गडाच्या कातळपायऱ्या इतक्या उभ्या व अरुंद आहेत की चढणारे व उतरणारे एकाच वेळी मावत नाहीत. १८१८ मध्ये गड घेणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जलाही त्यांनी थक्क केले होते. अशा ठिकाणी ‘विद्यार्थ्यांनी काळजी घ्यावी’ ही सूचना निरर्थक ठरते.

आराखड्यात प्रथम परत फिरण्याचा निकष हवा : कोणत्या ओढ्याला किती पाणी दिसल्यास व किती वाजल्यास गट मागे वळेल. हा निर्णय उपक्रमप्रमुखाव्यतिरिक्त एका सहकाऱ्यालाही घेता यावा, कारण कार्यक्रम पूर्ण करण्याचे दडपण प्रमुखावर असते. डोंगरात मोबाइलची रेंज गृहीत धरता येत नाही. म्हणून महाविद्यालयात थांबलेल्या व्यक्तीजवळ नावांची यादी, मार्ग व परतीची वेळ असावी आणि ती वेळ टळल्यावर किती मिनिटांनी कोणास कळवायचे हे लिहिलेले असावे. सर्पदंशावरील औषध जवळच्या शासकीय रुग्णालयात उपलब्ध आहे का, याची चौकशी आदल्या दिवशीच करावी.

ओढ्यांची माहिती नकाशापेक्षा पाड्यावरच्या माणसांना अधिक असते. अनेकदा ती वर्गातल्याच विद्यार्थ्यांनाही असते. आराखडा तयार करणाऱ्या समितीत त्यांना क्वचितच बोलावले जाते.