शिकाऊ चालक आणि मोटारीचा विमा

ब्रिटनसारख्या देशांत चालक जितका तरुण, तितका मोटारीच्या विम्याचा हप्ता जास्त असतो. भारतात सक्तीच्या त्रयस्थ पक्ष विम्याचा दर खासगी मोटारीच्या इंजिन क्षमतेवर ठरतो. चालकाचे वय त्यात पाहिले जात नाही. त्यामुळे घरातील अठरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने शिकाऊ परवाना काढल्याने हा हप्ता वाढत नाही. मात्र परवान्याच्या अटी मोडल्यास कुटुंबावर मोठा आर्थिक भार पडू शकतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्याहून अधिक क्षमतेसाठी ७,८९७ रुपये ठरविण्यात आला. त्यावर कर वेगळा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो.

स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. मोटारीची किंमत, तिचे वय आणि नोंदणीचे ठिकाण यांवर त्याचा हप्ता अवलंबून असतो. मोटार विम्याच्या दरपत्रकात नवी दिल्ली, मुंबई व पुण्यासह आठ शहरे अधिक दराच्या विभागात आहेत. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाची मोटार दिल्लीत नोंदलेली असो वा पुण्यात, विभाग एकच राहतो. नागपूर किंवा कोल्हापूरची नोंदणी दुसऱ्या विभागात येते.

शिकाऊ चालकासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ३ महत्त्वाचा आहे. नवी दिल्लीत नवे महाराष्ट्र सदन असलेल्या कस्तुरबा गांधी मार्गावर असो वा एखाद्या गावातील रस्त्यावर, शिकाऊ चालकाशेजारी वैध परवानाधारक बसलेला असणे आणि त्याला मोटार थांबविता येणे आवश्यक आहे. मोटारीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ हे अक्षर हवे.

शिकाऊ परवाना हाही परवानाच असल्याने केवळ त्या कारणावरून विमा कंपनी त्रयस्थाला भरपाई नाकारू शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंह प्रकरणात दिला. मात्र मालकाने परवान्याविषयीच्या अटींचा जाणीवपूर्वक भंग केल्याचे सिद्ध झाल्यास, अपघातग्रस्ताला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते.

हप्त्यात बचत करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचते. सवलतीपूर्वीचा हप्ता १०,००० रुपये असेल आणि सवलत ५० टक्के असेल, तर ३,००० रुपयांच्या किरकोळ दुरुस्तीसाठी दावा केल्यास पुढील वर्षी सुमारे ५,००० रुपये जास्त भरावे लागतात. अशी दुरुस्ती स्वखर्चाने करणे परवडते. मोटार कमी वापरली जात असल्यास वापरानुसार हप्ता आकारणारे पर्यायही जुलै २०२२ पासून उपलब्ध आहेत.

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटार देणे हा १ सप्टेंबर २०१९ पासून पालकांचाही गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.