बारवेवरचा पिंपळ

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत वालूर हें एक जुनें गांव आहे. तेथील बारव पाहण्यास हल्लीं दूरदूरचे लोक येतात. बहुतेक बारवांच्या पायऱ्या सरळ रेषेंत खालीं उतरतात. वालूरच्या या बारवेंतील पायऱ्या मात्र शंखाच्या वळणासारख्या फिरत फिरत पाण्याकडे नेतात. पुष्कळ काळ ती गाळानें व झाडोऱ्यानें बुजून गेली होती. अलीकडच्या वर्षांत ग्रामस्थांनीं स्वतः खपून ती मोकळी केली. ज्यांच्या पूर्वजांनीं एवढी देखणी वास्तु उभारली, त्यांनींच ती पुढें बुजूं कशी दिली, असा प्रश्न पाहणाराच्या मनांत सहज येतो. त्याचें मुख्य उत्तर उघड आहे. नळ आले, १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी आल्या, आणि बारवेंत उतरण्याचें कारण उरलें नाहीं. पण मराठवाड्यांतील ओस पडलेल्या बारवांच्या कांठावर थोडा वेळ उभें राहिलें म्हणजे दुसरेंही एक उत्तर डोळ्यांपुढें येतें. तें उत्तर म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतून वर आलेला पिंपळ.

बहुतेक जुन्या बारवांचे घडीव चिरे चुन्यावांचून एकावर एक बसविलेले असतात. एखादी साळुंकी पिकलेलें फळ खाऊन कांठावर येऊन बसते आणि मोहरीहूनही बारीक असें बीं सांध्यांत पडतें. कावळ्याच्या पोटांतून गेल्याशिवाय पिंपळ रुजत नाहीं, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. ताजें बीं ओल्या मातींत टाकलें तरी उगवतें, पक्ष्यामुळें त्याला भिंतीवर चढण्याची सोय होते इतकेंच. भिंतींत ओलावा असतो, गुरांचें तोंड तेथवर पोहोंचत नाहीं, आणि माणूस तर पिंपळाला हात लावीतच नाहीं! कांहीं पावसाळे गेले कीं मुळी बोटाची मनगटाएवढी होते आणि शेंकडों वर्षें जागचा न हललेला चिरा पुढें सरकूं लागतो.

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पिंपळ तोडूं नये ही समजूत कांहीं बारव ओस पडल्यावर निर्माण झाली नाहीं. ती बारव बांधणारांच्याही मनांत होती. मग त्यांच्या काळीं बारवा कशा टिकल्या? बारवेचें पाणी रोज वापरांत होतें तोंवर गाळ काढणें, पायऱ्या झाडणें हें काम चालूच असे, आणि त्या कामांत कोंवळें रोप गवताबरोबर उपटलें जाई. त्याला पिंपळ म्हणून नमस्कार करण्याइतकें मोठें होऊं दिलेंच जात नसे. समजूत होती तीच राहिली. तिच्या जोडीचें काम तेवढें थांबलें. बागेंतल्या बहुतेक समजुतींचा इतिहास असाच आहे. त्यांची पारख शब्दांवरून होत नाहीं. त्यांच्या मागें कोणतें काम होतें, हें पाहावें लागतें.

विहिरीकांठचा उंबर घ्या. उंबराखालीं पाणी असतें, असें मराठवाड्यांतील जुना शेतकरी खात्रीनें सांगतो. ही समजूत किमान दीड हजार वर्षांची आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत भूगर्भांतील पाणी शोधण्याविषयीं एक संबंध अध्याय आहे. जांभूळ असेल तर त्याच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष खोल, उंबर असेल तर पश्चिमेस तीन हातांवर अडीच पुरुष खोल, अशीं त्यांतलीं मापें आहेत. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. विहीर खणणारांच्या बोलण्यांतला 'परस' तो हाच. खोदतांना वाटेंत पांढरा साप दिसेल, काजळासारखा दगड लागेल, अशाही खुणा ग्रंथकारानें दिल्या आहेत. सापाची गोष्ट सोडून देण्यास हरकत नाहीं. परंतु उंबर आणि जांभूळ हीं ओढ्याकांठचीं, ओलाव्यावर वाढणारीं झाडें आहेत हें खरेंच आहे, आणि माळावर तीं हिरवीं दिसलीं तर खालीं ओल असण्याचा संभव मोठा. मात्र गोदावरीच्या खोऱ्यांतला काळा पाषाण मोठा लहरी. त्यांत पाणी असतें तें भेगांत आणि झिजलेल्या मुरुमांत. तीन हातांचें माप तो जुमानीत नाहीं. शिवाय विहिरीच्या कांठचा उंबर पुरावा म्हणून दाखवितांना लोक एक गोष्ट विसरतात. पुष्कळदां उंबर होता म्हणून तेथें विहीर खणलेली नसते; विहीर होती म्हणूनच तिच्या ओल्या भिंतींत उंबर आलेला असतो. कारण आणि कार्य यांची अदलाबदल करण्याची ही खोड शहाण्यासुरत्या माणसांनाही सुटत नाहीं.

उंबराचें फूल कोणाला दिसत नाहीं, आणि दिसलें तर भाग्य उजळतें, ही समजूतही अशीच. फुलें असतात; तीं फळाच्या आंत शेंकड्यांनीं दडलेलीं असतात, आणि गांधीलमाशीच्या नात्यांतला एक इवलासा कीटक सूक्ष्म छिद्रावाटे आंत शिरून त्यांवर पराग पोहोंचवितो. उंबर फोडून पाहिला तर भाग्य रोज उजळेल.

वराहमिहिराचाच वृक्षायुर्वेदाचा अध्याय आज वाचणारास गोंधळांत पाडतो, कारण उत्तम अनुभव आणि निव्वळ कल्पना त्यांत शेजारीं शेजारीं नांदतात. झाडें लावण्याआधीं जमिनींत तीळ पेरावे आणि ते फुलांवर आले कीं तेथेंच मोडून टाकावे, असें तो सांगतो. हें हिरवळीचें खत झालें. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बाराहून कमी नको, असेंही त्यानें म्हटलें आहे. वीस हात म्हणजे सुमारें तीस फूट. आंब्याच्या कलमांसाठीं आजचे कृषितज्ज्ञ दहा मीटर, म्हणजे जवळजवळ तितकेंच अंतर सांगत आले आहेत. उलट, तरुणीच्या पायाचा स्पर्श झाल्यावर अशोक फुलतो हा संकेत काव्यांतून आणि वृक्षायुर्वेदाच्या पुढील ग्रंथांतूनही आढळतो. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत तर सारें कथानक त्याभोंवतीं फिरतें. नाटक त्यामुळें रम्य झालें, अशोकाला त्याची गरज नव्हती. आज शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या आवारांत अशोक म्हणून जीं उंच निमुळतीं झाडें उभीं असतात तीं तर मुळांत अशोकच नव्हेत. त्यांना कोणत्याही राणीनें लाथ मारली तरी तांबडा फुलोरा यावयाचा नाहीं.

मृगाचें उदाहरण निराळें आहे. मृग लागल्यावर बीं टाकावें, रोप लावावें, हा नेम महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. हल्लीं सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रांत जातो, आणि परभणीकडे मोसमी पाऊस बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पोहोंचतो. तेव्हां नेम बरोबर बसतो. परंतु नक्षत्रें आणि ऋतु यांची गांठ कायमची नाहीं. अयनचलनामुळें सुमारें ७१ वर्षांत एक दिवस, या वेगानें नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानानें पुढें सरकतो. वराहमिहिराच्या वेळीं मृग आजच्या मानानें जवळजवळ वीस दिवस आधीं, म्हणजे ऐन मेच्या उन्हांत लागत असे. म्हणजे मृगावरच्या पेरणीचा नेम आज आहे त्या रूपांत त्या काळीं उपयोगी पडलाच नसता. तो त्यानंतर पुष्कळ शतकांनीं जुळून आला. सनातन वाटणाऱ्या या नेमालाही असें वय आहे, आणि तें आकाशाकडे पाहून काढतां येतें.

आतां ज्या समजुतीनें माणसांना त्रास दिला तिच्याकडे वळलें पाहिजे. मासिक पाळींतील स्त्रीनें तुळशीला स्पर्श केला, किंबहुना तिची सांवली पडली, तरी तुळस वाळते, असें अनेक घरांत अजूनही मानतात. ही केवळ आपल्याकडचीच कल्पना नव्हे. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी यानें अशा स्त्रीच्या सान्निध्यानें बागेंतलीं रोपें सुकतात व फळें गळतात, असें लिहून ठेवलें आहे. त्याहून नवल असें कीं, घटसर्पाच्या कसोटीमुळें ज्याचें नांव झालें त्या बेला शिक नांवाच्या व्हिएन्नांतील वैद्यानें १९२० सालीं, पाळींत असलेल्या मोलकरणीच्या हातीं दिलेलीं फुलें कोमेजलीं, यावरून तिच्या घामांत एक प्रकारचें विष असतें असा निष्कर्ष काढला. पुढील संशोधनांत तो टिकला नाहीं. प्रयोगशाळेंत बसलेल्या विद्वानाच्या हातूनही आजीबाईची समजूत सुटली नव्हती, एवढें मात्र त्यावरून दिसतें.

मग तुळस वाळते ती कां? तुळशीचें आयुष्य मुळांत थोड्या वर्षांचें. कार्तिकांत लग्न लागतें तेव्हां ती मंजिऱ्यांनीं लगडलेली असते. बीं धरलें कीं तिचा जोम ओसरतो, आणि मागून पौषाची थंडी येते. परभणीस हिंवाळ्यांतल्या रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं अनेकदां उतरतो, आणि तुळशीला थंडी मानवत नाहीं. वृंदावन अरुंद, आणि स्नान करून येणारा प्रत्येकजण तांब्याभर पाणी ओतणार. त्यानें मुळें कुजतात. आणि याहीपलीकडे एक कारण आहे, तें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. तुळशीला पाणी घालणारी घरांत बहुधा एकच बाई असते. तिला चार दिवस वृंदावनाकडे फिरकूं दिलें नाहीं, तें काम दुसऱ्या कोणीं केलें नाहीं, आणि दिवस वैशाखाचे असले, तर पांचव्या दिवशीं तुळस मान टाकणारच. मग घरांतलीं वडील माणसें म्हणणार, पाहा, सावली पडली! समजुतीनें स्वतःचा पुरावा स्वतःच तयार केला, आणि दोष त्या बाईच्या माथीं आला.

नव्या समजुती जुन्यांपेक्षां शहाण्या असतात असें नाहीं. पिंपळ आणि तुळस रात्रींही प्राणवायु सोडतात, असें सुशिक्षित माणसें मोठ्या विश्वासानें सांगतात. ही कल्पना पूर्वजांची असणें शक्य नाहीं. प्राणवायु म्हणून कांहीं वेगळा वायु आहे हें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीं जगांत कोणालाच ठाऊक नव्हतें. १७७९ सालीं इंगेनहौझ यानें दाखवून दिलें कीं, वनस्पति प्राणवायु सोडतात तो उजेडांतच. अंधारांत त्याही आपल्यासारखाच श्वास घेतात. भर दुपारीं पाणी घातलें तर थेंबांच्या भिंगानें पानें जळतात, ही दुसरी. हंगेरीच्या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गुळगुळीत पानांवर असें कांहीं घडलें नाहीं. ज्या पानांवरची लव थेंबाला उचलून धरते त्यांवर तेवढे डाग पडले. तथापि मोट सकाळीं व दिवस कलतांना चालविण्याची रीत योग्यच होती. दुपारचें पाणी निम्म्या वाटेंत आटतें आणि बैलांनाही ऊन लागतें. भिंगाचा आधार त्या रीतीला कधींच नको होता.

बारवेवरच्या पिंपळाचें काय करावें, याचें उत्तर शोधण्यास परंपरेच्या बाहेर जाण्याचें कारण पडत नाहीं. बृहत्संहितेंत मूर्तीसाठीं झाड तोडण्याचा विधि सांगितला आहे. आदल्या रात्रीं झाडाची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतांनीं बलि स्वीकारून दुसरीकडे वस्तीस जावें अशी त्यांना प्रार्थना करावी, पहांटे झाडावर पाणी शिंपडावें, आणि मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीनें ईशान्येकडून पहिला घाव घालावा. म्हणजे पवित्र झाडही काढतां येत असे. आधीं त्याचा निरोप घ्यावा लागे. बारवेवर तर कुऱ्हाडीचेंही काम नाहीं, पण तें वेळेवर झालें पाहिजे. पहिल्या दोन पावसाळ्यांत, भिंत ओली असतांना, बोटाएवढें रोप मुळीसकट निघून येतें आणि शेताच्या बांधावर लावलें तर जगतें. मुळी मनगटाएवढी झाली कीं वरून छाटलेला पिंपळ पुन्हां फुटतो, आणि ओढून काढावा तर चिरा त्याच्याबरोबर येतो.