तात्या टोपे : पेशवे सरकारचे सेनानी

रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे (१८१४ – १८ एप्रिल १८५९) हे १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात नानासाहेब पेशव्यांनी उभारलेल्या सरकारचे प्रमुख सेनानी होते. त्यांचा जन्म नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असल्याने हे कुटुंब पुढे कानपूरजवळ ब्रह्मावर्त (बिठूर) येथे स्थायिक झाले.

जून १८५७ मध्ये नानासाहेबांनी कानपुरात सत्ता हाती घेतली आणि तात्यांच्या लष्करी कारकिर्दीस प्रारंभ झाला. नोव्हेंबरअखेर ग्वाल्हेरच्या पलटणींच्या बळावर त्यांनी जनरल विंडहॅमला मागे रेटून कानपूर शहर घेतले. परंतु ६ डिसेंबरला सर कॉलिन कॅम्पबेलने त्यांचा पराभव केला.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. राणी लक्ष्मीबाईंच्या साहाय्यार्थ तात्या सुमारे वीस हजारांची फौज घेऊन बेतवाकाठी आले. १ एप्रिलला रोजने वेढा न उठवता अवघ्या दीड हजार सैनिकांनिशी त्यांच्यावर चाल केली. तात्यांची पहिली फळी मोडली. दुसरी बरीच मागे राहिल्याने तिला वेळीच आधार देता आला नाही. झाशीची बाहेरून मदत मिळण्याची आशा येथेच संपली. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले आणि ४ एप्रिलच्या रात्री किल्ला सोडून राणींनी काल्पी गाठली.

तरीही १ जूनला तात्या, राणी व रावसाहेब यांनी ग्वाल्हेर काबीज केले. शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि तेथे नानासाहेबांच्या पेशवाईची द्वाही फिरली. त्याच महिन्यात राणी धारातीर्थी पडल्या व ग्वाल्हेर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेले. यानंतर सुमारे दहा महिने तात्यांनी राजपुताना, माळवा व बुंदेलखंडात गनिमी काव्याने इंग्रजांना झुंजवत ठेवले. ऑक्टोबरअखेर त्यांनी नर्मदाही ओलांडली. मात्र दक्षिणेत अपेक्षित उठाव झाला नाही.

नरवरच्या मानसिंगाने विश्वासघात केल्याने ७ एप्रिल १८५९ रोजी ते पकडले गेले. शिवपुरी येथील लष्करी न्यायालयात त्यांच्यावर इंग्रज सरकारविरुद्ध बंड व युद्ध केल्याचा आरोप होता. आपण काल्पीपर्यंत नानासाहेबांच्या आणि त्यानंतर रावसाहेबांच्या आज्ञा पाळल्या, लढाईखेरीज कोणाचीही हत्या केली नाही, अशी त्यांची जबानी होती. पेशव्यांचा चाकर इंग्रजांचा बंडखोर कसा ठरतो, हा या जबानीतील मूळ प्रश्न न्यायालयाने विचारात घेतला नाही. १८ एप्रिलला शिवपुरीतच त्यांना फाशी देण्यात आले.