लावांच्या खाद्यातील नैसर्गिक वाढवर्धके

जपानी लाव किंवा बटेर या पाळीव पक्ष्याची वाढ व पचन सुधारावे आणि मरतूक कमी व्हावी, म्हणून मूळ खाद्यात अल्प प्रमाणात मिसळले जाणारे वनस्पतिजन्य व सूक्ष्मजीवजन्य पदार्थ. हळद, लसूण, आले, ओवा, कलौंजी, शेवग्याचा पाला, यीस्ट, प्रोबायोटिक जीवाणू व सेंद्रिय आम्ले हे त्यांतील प्रमुख होत. या नोंदीत कोल्हापूर व लगतच्या भागात सहज मिळणाऱ्या पदार्थांवर भर दिला आहे.

पार्श्वभूमी : जपानी लाव भारतात १९७४ मध्ये इज्जतनगर (बरेली) येथे संशोधनासाठी आणली गेली, तेथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे तिच्या जाती विकसित केल्या. रानटी लावा व ही पाळीव लाव यांच्यात वन्यजीव कायद्याच्या अंमलबजावणीत काही काळ घोळ झाला. २०११ मध्ये लावपालनावर आलेले निर्बंध पुढे शिथिल झाले. मटणाचा मान मोठा असलेल्या कोल्हापुरात लावपालन हा पूरक धंदाच आहे.

यूरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके देण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी घातली. भारतात २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कॉलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर बंद झाला. नैसर्गिक पर्यायांकडे लक्ष वळण्याचे मुख्य कारण हेच.

वाढ व मूळ खाद्य : अंड्यातून निघालेले पिल्लू ७ ते ९ ग्रॅमचे असते. पाचव्या आठवड्यात ते १८० ते २२० ग्रॅमचे होऊन विक्रीला येते. तोवर अर्धा किलोच्या आसपास खाद्य खाते. कोंबडीच्या उलट लावेत मादी नरापेक्षा वजनदार असते. एवढ्या वेगासाठी खाद्यात २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात. मका, सोयापेंड, सुकट व खनिज मिश्रण हा पाया कच्चा असेल, तर पुढील कोणताही पदार्थ उपयोगी पडत नाही.

हळद : सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ असल्याने या भागात पहिला विचार हिचाच होतो. हळदीतील कर्क्युमिन दाहशामक व ऑक्सिडीकरणरोधक आहे. प्रयोगांत साधारणतः किलो खाद्याला ५ ते १० ग्रॅम भुकटी वापरली जाते. ५ ग्रॅमच्या हिशेबाने हजार पक्ष्यांच्या एका बॅचला, म्हणजे सुमारे ५०० किलो खाद्याला, अडीच किलो हळद पुरते. ती थेट ढिगावर टाकल्यास सारखी मिसळत नाही आणि भांड्याच्या तळाशी पिवळा थर उरतो. म्हणून आधी दोन-चार किलो मक्याच्या भरड्यात कालवून मग मोठ्या ढिगात फिरवतात. रंग देऊन चकचकीत केलेली बाजारू भुकटी टाळावी; तीत शिसेयुक्त रंग असू शकतो.

राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या पावसाळी तालुक्यांत दमट मक्याला बुरशी धरते व अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. मांसल कोंबड्यांवरील प्रयोगांत हळदीने या विषाचा यकृतावरील परिणाम काही अंशी कमी झाला. तरीही बुरशीचा मका हळद घालून खपवणे धोक्याचेच.

यीस्ट : यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅननयुक्त शर्करा आतड्यातील ई. कोलाय, साल्मोनेला अशा जीवाणूंना चिकटवून बाहेर नेते. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून निघणारा यीस्टचा गाळ स्वस्त असतो, पण त्यातील प्रथिने कमी-अधिक असतात आणि तो खडखडीत वाळवावा लागतो. यीस्टऐवजी मळी देणे बरोबर नाही. पोटॅशियममुळे विष्ठा पातळ होऊन तुसाची गादी ओली होते.

प्रोबायोटिक : लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस इत्यादी. क्लोरिनच्या पाण्यातून दिल्यास लॅक्टोबॅसिलस मरतात. बॅसिलसचे बीजाणू गोळीखाद्य बनवतानाची उष्णताही सोसतात. स्वच्छ प्रायोगिक पिंजऱ्यांपेक्षा दाटीच्या, उष्ण शेडमध्ये फरक अधिक दिसतो. म्हणूनच एका ठिकाणचे आकडे दुसरीकडे जुळत नाहीत.

इतर : ओव्यात थायमॉल असते. कलौंजीवर इराण, तुर्कस्तान व ईजिप्त येथे बरेच काम झाले आहे; निष्कर्ष एकसारखे नाहीत. शेवग्याचा पाला जास्त झाल्यास तंतूंमुळे वाढ खुंटते. सेंद्रिय आम्लांनी पाण्याचा सामू उतरतो.

अंड्यांवरील लावा : सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात, त्यानंतर वाढवर्धकाचे प्रयोजन उरत नाही.

व्यवहार : पहिल्या आठवड्यात ३७ ते ३८ अंश सेल्सियस ऊब आणि पिल्ले बुडू नयेत म्हणून पाण्याच्या भांड्यात टाकलेले खडे, या दोन गोष्टींनी मरतूक जेवढी कमी होते तेवढी कोणत्याही भुकटीने होत नाही. हळद घालून सोयापेंड कमी करणे हा व्यवहार तोट्याचाच ठरतो.