मैदान राखणाऱ्यांची खडकी

६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांची पोरे एकमेकांसमोर उभी राहिली, दोन्हीकडे २५-२५. अमेरिकन फुटबॉलचा इतिहास तिथून मोजतात. त्याच वर्षी इकडे पुण्यात मुळेच्या काठी, खडकीत, काडतुसांचा कारखाना सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, तरीही त्या शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. अमेरिकेत आडवळणाच्या गावातले लहानसे कॉलेजसुद्धा स्वतःचे मैदान, स्वतःचा प्रशिक्षक आणि दर वर्षी ठरलेला हंगाम बाळगून असते; खेळाडू घडवण्याचा खर्च तिथे शिक्षणसंस्था उचलते. आपल्याकडे तो कोणी उचलला? खडकीपुरते उत्तर स्पष्ट आहे. इथे तो कारखान्याने आणि पलटणीने उचलला, आणि खडकीची हॉकी ही त्या व्यवस्थेची कमाई आहे.

५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांची फौज इंग्रजांकडून हरली आणि पुढे ही जमीन छावणीची झाली. छावणी म्हणजे आधी मोकळी जागा: कवायतीला, घोड्यांना, तंबूंना. कवायत सकाळी आटोपली की संध्याकाळी तेच मैदान खेळाला मोकळे. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे केंद्र इथे आले, दारूगोळ्याचे कारखाने वाढले, कामगारांसाठी क्वार्टर्स बांधली गेली, आणि त्या वस्तीत मराठी घरांच्या शेजारी तमिळ, तेलुगू घरे नांदू लागली. हॉकी आली ती इंग्रज पलटणींबरोबर. कोलकात्याची बेटन कप स्पर्धा १८९५ ची, मुंबईची आगा खान स्पर्धा १८९६ ची. पण शहरांतल्या या स्पर्धांच्या मागे खेळाडू तयार करणारी खरी शाळा लष्कराचीच होती. खुद्द ध्यानचंद १९२२ साली शिपाई म्हणून भरती झाले आणि तिथेच हॉकीला लागले. कारखान्याच्या वस्तीने याला एक गोष्ट जोडली, ती म्हणजे मुले. पलटण बदलीवर जाते, कामगाराचे घर मात्र निवृत्तीपर्यंत हलत नाही. एकाच मैदानावर थोरला भाऊ खेळतो, धाकटा कडेला बसून पाहतो, आणि चार वर्षांनी त्याच्या जागी उतरतो.

धनराज पिल्ले १६ जुलै १९६८ रोजी खडकीत जन्मले. वडील नागलिंगम ऑर्डनन्स फॅक्टरीत मैदान राखायच्या कामावर होते. धनराज यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, त्यात वडिलांची ही नोकरी गरिबीची खूण म्हणून येते. मला ती या इतिहासाची किल्ली वाटते. मैदान राखणे हे पगारी काम होते, म्हणजे मैदान ही आस्थापनेने स्वीकारलेली जबाबदारी होती. धनराज आणि त्यांची भावंडे कारखान्याच्या कॉलनीच्या चिखलट मैदानावर मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायला शिकली. हॉकीच्या स्टिकला सपाट बाजू एकच, आणि चेंडूला लागायची ती तीच. मऊ, खडबडीत जमिनीवर चेंडू कधी अडतो, कधी उसळतो. अशा जागी चेंडू स्टिकला चिकटवून ठेवायचा तर मनगट सतत फिरते हवे आणि पाठ वाकलेली. खालून वाकून, चेंडू पुढ्यात ठेवून सुसाट धावणारे धनराज ज्यांनी पाहिले, त्यांनी ती जमीनच पाहिली असे मी म्हणेन. थोरले बंधू रमेश आधी मुंबईला गेले, राष्ट्रीय केमिकल्सकडून आणि पुढे भारताकडून खेळले. धनराजही मुंबईत महिंद्राच्या संघात आले. १९८९ मध्ये ते देशाकडून पहिल्यांदा उतरले आणि चार ऑलिंपिक, चार विश्वचषक खेळले. १९९८ साली बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकले. कॉलनीपासून कंपनीच्या संघापर्यंतच्या या वाटेवर प्रत्येक टप्प्याला कोणी ना कोणी नोकरी देणारा उभा आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की एका असामान्य माणसावरून वस्तीचा इतिहास काढता येत नाही. बरोबर आहे. पण २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या भारतीय संघात धनराज यांच्यासोबत मधल्या फळीत विक्रम पिल्ले होते, तेही खडकीचेच. १६ जणांच्या राष्ट्रीय संघात एका छावणीचे दोघे, हा योगायोग मानणे मला जड जाते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: ही मैदाने सगळ्यांची नव्हती. कुंपणाआत राहणाऱ्यांना जे मिळाले ते बाहेरच्या झोपडीतल्या मुलाला मिळाले नाही, आणि कुंपणाआतही मुलींना फारच कमी. हे मान्यच करायला हवे. मात्र त्यातून सिद्ध होते ते मैदानाचे मोल. कुंपणाबाहेरच्या मुलाकडे गुण कमी नव्हते, राखलेली जमीन नव्हती.

तिसरा मुद्दा काळाचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम गवतावर गेली. त्याच्या आदल्याच वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला भारत तिथे सातवा आला. मातीवरचे कसब एका फटक्यात स्वस्त झाले. कॉलनीच्या मैदानावर असे गवत अंथरणे कोणा वर्कशॉपच्या आवाक्यातले नव्हते; ते अंथरायला महापालिकेची तिजोरी लागते, म्हणून पोरांना पिंपरीच्या नेहरूनगरातल्या तशा मैदानापर्यंत जावे लागते. संध्याकाळी चप्पल काढून घरासमोर खेळणे आणि बस पकडून सरावाला जाणे यांत फार मोठे अंतर आहे. दहा वर्षांचे पोर ते एकट्याने तोडू शकत नाही.

मग पैसा ओतून संघ उभा करता येईल का? २०१२ मध्ये खुद्द अमेरिकन फुटबॉलचाच तसा प्रयोग झाला. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या पहिल्या हंगामात 'पुणे मराठाज' नावाचा संघ विजेता ठरला, पण ते सामने रंगले श्रीलंकेत, कोलंबोला. संघाला पुण्याचे नाव मिळाले, पुण्यातली एखादी वस्ती काही मिळाली नाही. ज्यांनी मेहनत केली त्या खेळाडूंना मी दोष देत नाही. पण कडेला बसून पाहणारा धाकटा भाऊ त्या हंगामाला नव्हता, आणि त्याच्यावाचून दुसरी पिढी येत नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि खडकीचा काडतुसांचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. नव्या कंपनीला ताळेबंद दाखवावा लागतो. त्यात काडतुसांची किंमत लिहिता येते, क्वार्टर्सची दुरुस्ती लिहिता येते. मैदान राखणाऱ्याचा पगार मात्र खर्चाच्याच रकान्यात पडतो. १९६८ सालीही तो त्याच रकान्यात होता, आणि तरीही दिला जात होता.