पटलाचा ताण आणि विश्वाचे प्रसरण : मुंबईतील संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी उभ्या असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा इतिहास बहुधा डॉ. होमी भाभा आणि अणुसंशोधन यांच्या संदर्भात सांगितला जातो. विश्वरचनाशास्त्रातील एका अवघड संकल्पनेचा इतिहासही याच संस्थेशी निगडित आहे. ती संकल्पना म्हणजे पटलाचा ताण. पटलासाठी रूढ असलेली ‘ब्रेन’ ही संज्ञा ‘मेम्ब्रेन’, म्हणजे पातळ पडदा, या शब्दावरून आली. मेंदूशी तिचा संबंध नाही. प्रस्तुत लेखात या ताणाचा अर्थ आणि त्याच्या आकलनातील मुंबईचा वाटा यांचा विचार केला आहे.

ताणाचा अर्थ

तबल्याची वादी आवळली की पुडीवरील ताण वाढतो. हा ताण बाहेरून दिलेला असतो. पटलाचा ताण मात्र त्याच्या अंगचाच असतो. त्रिमितीय पटलाच्या एकक घनफळामागे असणारी ऊर्जा हेच त्याचे माप होय. पटल विस्तारले तरी हे माप घटत नाही. परिणामी विस्ताराबरोबर एकूण ऊर्जा वाढत जाते. याचाच अर्थ पटलाचा दाब ऋण असतो. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्तानुसार पुरेसा ऋण दाब विश्वाच्या प्रसरणाला वेग देतो. नाव ताणाचे आणि परिणाम प्रसरणाचा, हा विरोधाभास येथे ध्यानात घ्यावा लागतो.

मुंबईतील दोन टप्पे

ऋण दाबाची कल्पना मुंबईला पटलांच्या आधीपासून परिचित होती. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत केंब्रिज येथे ऋण ऊर्जेच्या ‘निर्मिती क्षेत्रा’वर काम केलेले कोल्हापूरचे डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) १९७२ मध्ये कुलाब्याच्या संस्थेत प्राध्यापक झाले व १९८९ पर्यंत तेथे राहिले. १९६५ मध्ये जाहीर झालेल्या वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाच्या शोधाने स्थिर-स्थिती सिद्धान्ताला मोठा धक्का बसला. तथापि ऋण दाबाचा विचार विश्वरचनाशास्त्रात टिकून राहिला.

दुसरा टप्पा तंतुसिद्धान्ताचा. १९९५ मध्ये जोसेफ पोल्चिन्स्की यांनी या सिद्धान्तातील पटलांचे महत्त्व दाखवून दिले. १९९८ मध्ये दूरस्थ अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेगवान होत असल्याचे आढळले. जानेवारी २००१ मध्ये तंतुसिद्धान्ताची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. पुढे २००३ मध्ये शमित काचरू, रेनाटा कॅलोश, आंद्रेई लिंडे आणि कुलाब्याच्या संस्थेतील डॉ. संदीप त्रिवेदी यांनी एक प्रतिमान मांडले. त्यात तंतुसिद्धान्ताच्या अतिरिक्त मिती स्थिर केल्यावर निर्वाताची ऊर्जा ऋण येते. अतिवक्र प्रदेशाच्या तळाशी एक प्रतिपटल ठेवले असता त्याच्या ताणाची धन ऊर्जा त्यात मिळते. वक्रतेमुळे हा ताण अत्यंत क्षीण झालेला असतो. म्हणूनच बेरीज किंचित धन ठेवता येते. ताण अधिक झाला तर सारी रचनाच कोसळते. अशा रीतीने मिळणारा निर्वातही शाश्वत नसून केवळ दीर्घायुषी असतो.

वाद आणि निष्कर्ष

या बांधणीला आव्हान मिळाले आहे. तंतुसिद्धान्तात असा धन ऊर्जेचा स्थिर निर्वात संभवतच नाही, असे अनुमान कमरुन वाफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले. त्याच वर्षी काचरू व त्रिवेदी यांनी आपल्या पद्धतीचे समर्थन केले. हा प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही.

सारांश, पटलाचा ताण ही केवळ गणिती सोय नव्हे. विश्वाचे प्रसरण ज्या ऊर्जेमुळे वेगवान होते ती कोठून येते, आणि हे विश्व चिरकाल टिकणारे आहे की नाही, हे प्रश्न त्याच्याशी जोडलेले आहेत. दोन्ही टप्प्यांतील सिद्धान्तांचे भवितव्य निरनिराळे असले तरी निर्वातालाही ऊर्जा आणि दाब असू शकतो, हा विचार त्यांना जोडणारा समान धागा आहे. शहराच्या बौद्धिक इतिहासात गिरण्या, चळवळी आणि रंगभूमी यांच्याबरोबर या धाग्याचीही नोंद व्हावयास हवी.